चढाच्या बाजूने

श्रॉपशर परगण्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, क्लन नदीच्या खोऱ्यात, एका लहानशा गावाच्या अगदी टोकाला तिचं घर होतं. दगडी भिंतींचं, दोन खोल्या खाली आणि दोन वर. दारावरून जाणारी वाट टेकडी चढत पश्चिमेला वेल्सकडे जायची. आठव्या शतकात मर्सियाच्या ऑफा राजाने घातलेला मातीचा लांबलचक बांध त्या बाजूला जागोजाग अजून उभा आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे मेंढ्यांची कुरणं, आणि प्रत्येक कुरणाभोवती झाडाझुडपांचं कुंपण. आपल्या कोकणात ज्याला वई म्हणतात, तसंच. फक्त निवडुंग आणि निरगुडीच्या जागी तिथे हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न आणि हेझल.

ती मुक्त लेखिका होती. बारा वर्षांपूर्वी लंडनमधली मासिकातली नोकरी सोडून इथे आली. इथे भाडं कमी, शांतता भरपूर, आणि लिहायला काय लागतं, एक टेबल नि एक खिडकी, असा तिचा हिशोब होता. हिशोब अगदीच चुकला असं नाही, पण टेबलाला आणि खिडकीला बरंच काही चिकटून आलं. गावात गॅसची पाइपलाइन नव्हती, म्हणून घर तापवायचं तर टाकीत तेल भरून घ्यायचं. तेलाचा ट्रक 500 लिटरच्या खाली घेऊन येत नसे, त्यामुळे थंडीच्या तोंडाशी एकरकमी पैसे काढून द्यावे लागत. बस आठवड्यातून दोनदा. मोबाइलला रेंज हवी तर वाट चढून वरच्या फाटकापाशी जायचं. जानेवारीत सव्वाआठला उजाडतं आणि चारला दिवे लावावे लागतात. त्या मधल्या वेळात पोस्टाची लाल गाडी, मेंढरं हलवणारा शेजारी आणि कुत्रं, एवढीच काय ती जाग.

काम मात्र नेमाने करायची. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची, कारण चूल तिथे होती. बियाण्यांच्या सूचीपत्रकासाठी मटारच्या जातींचं वर्णन, सुट्टीत भाड्याने द्यायच्या घरांची माहितीपत्रकं, पुस्तक परीक्षणं, ग्रामीण जीवनावरच्या मासिकांसाठी लेख. बिल पाठवायचं आणि वाट बघायची. ब्रिटनमध्ये 1998 चा कायदा आहे, थकलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा वर 8 टक्के व्याज मागता येतं. तिने ते कधीच मागितलं नव्हतं. ज्याच्याकडून पुढचं काम हवं त्याच्याकडे व्याज मागणार कोण? हातावर पोट असलेल्या माणसाचे हक्क कागदावर कितीही असोत, ते बजावायला आधी घरात दोन महिन्यांचं तेल लागतं.

मासिकांचा एक उलटा ऋतू असतो, तोही सांगायला हवा. जानेवारीच्या अंकातला लेख ऑगस्टमध्ये लिहावा लागतो. बाहेर गहू कापणी चालू असते आणि लिहिणारा बर्फाचं वर्णन करत बसलेला असतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला काम आलं, कुंपण बसवण्याच्या जुन्या कलेवर 900 शब्द, 270 पौंड. आणि हा लेख जमला तर वर्षभर दर महिन्याला ग्रामीण कसबांवर एक, अशी मालिका.

कुंपण बसवणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. वाढू दिलेलं कुंपण काही वर्षांनी वरून दाट आणि खालून विरळ होतं. मेंढी खालून सहज निसटते. मग हिवाळ्यात, पानं गळून झाड निजलं की, एकेक उभं खोड जमिनीलगत कोयत्याने जवळजवळ पूर्ण छाटायचं, जेमतेम एक सालपट्टी शिल्लक ठेवायची, आणि त्या पट्टीवर ते खोड आडवं कलवायचं. पट्टीतून रस वाहत राहतो, आडवं खोड जगतं, आणि बुंध्यातून नवे कोंब सरळ वर येतात. अशी आडवी खोडं मेखांमध्ये गुंफून वरून हेझलच्या लांब फोकांनी वीण घातली की हिरवी भिंत तयार होते. तारेच्या कुंपणाला गंज चढतो. ही भिंत दर वर्षी अधिक दाट होते.

ऑगस्टमध्ये हे काम कुठेच चालत नाही. झाड रसाने भरलेलं असतं, फांद्यांत घरटी असतात. बघायला जायचं म्हटलं तरी काही दिसलं नसतं. पण त्याच वाटेवर, तिच्या घरापासून दोनशे पावलांवर, एक म्हातारा राहत होता. बारा हिवाळे ती खिडकीतून त्याला बघत आली होती: गुडघ्यांना चामड्याचे तुकडे बांधलेले, हातात आकडी कोयता, मागे ओल्या फांद्यांचा धूर. ऑगस्टमध्ये कुंपण झोपलेलं असलं तरी म्हातारा जागा होता. संध्याकाळी तो फाटकावर हात टेकून उभा असायचा. जाऊन विचारायला दहा मिनिटं लागली असती.

ती गेली नाही. शुक्रवारी लेख द्यायचा होता, टेबलावर आणखी दोन कामं होती. तिने पुस्तकं काढली, 1978 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कुंपण-संस्थेची पत्रकं वाचली, आणि मन लावून लिहिलं. मिडलँडची पद्धत वेगळी, डेव्हनची वेगळी, वेल्सकडच्या ब्रेकनची वेगळी, हे लिहिलं. कामाचं माप साखळीत मोजतात, एक साखळी म्हणजे 22 यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी हीच साखळी, हे लिहिलं. दोन मेखांमधलं अंतर 18 इंच, आणि ते फूटपट्टीने न मोजता कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताने मोजतात, हेही. सगळं बरोबर होतं. फक्त शेवटाकडे एक परिच्छेद लंगडा वाटत होता. तिथे तिने एक वाक्य घातलं: पाणी जिकडे वाहतं तिकडेच खोड कलवायचं, कारण कुंपणसुद्धा उताराचंच ऐकतं.

वाक्य कानाला गोड होतं. संपादिकेला इतकं आवडलं की तिने ते पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत छापलं.

अंक डिसेंबरमध्ये आला. गावाचं दुकान गावकरीच पाळीपाळीने चालवत. तिथल्या बाईंनी कौतुकाने ते पान उघडून गल्ल्याशेजारी टाचण्यांनी लावलं. चार लोकांनी अभिनंदन केलं. जानेवारी अखेरीला कर भरायचा होता, 31 तारखेच्या रात्री बाराच्या आत. विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला तरी 100 पौंड दंड. लेखाचे 270 पौंड त्या सुमारास जमा होतील, पदरचे थोडे घालू, असा तिने कागदावर हिशोब मांडून ठेवला होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. शरद ऋतूत गावाच्या वरच्या अंगाला राहायला आलेलं तरुण जोडपं होतं. बायकोच्या हातात मार्मलेडची बरणी. जानेवारीत स्पेनहून कडू संत्री येतात, तेव्हा तिकडे घरोघरी मार्मलेड शिजतं. बरणी अजून कोमट होती.

"तुमचे आभार मानायला आलो," ती म्हणाली. "आमच्या परसामागचं कुंपण वर्षानुवर्षं कुणी पाहिलंच नव्हतं. तुमचा लेख वाचला आणि नाताळच्या सुट्टीत दोघांनी मिळून अर्धी साखळी बसवलं. येता का बघायला? अगदी तुम्ही लिहिलंय तसंच केलंय."

लेखक ज्या क्षणाची आयुष्यभर वाट बघतो तो हाच. आपले शब्द कुणाच्या तरी हातात उतरले. तिने बूट चढवले आणि निघाली.

कुंपण चढावर होतं. वरून खाली येणाऱ्या जमिनीच्या कडेने अकरा यार्ड खोडं कापून आडवी केली होती, सगळी उताराकडे डोकं करून. मेखा नीट हातभर अंतरावर. पहिल्या नजरेला काम देखणं दिसत होतं. तरुणाने खिशातून लेखाचं कात्रण काढून दाखवलं. भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं, आणि पाकिटावर चिखलाच्या बोटांचे ठसे. मधल्या मोठ्या अक्षरांवर ठसे सगळ्यांत जास्त होते.

पलीकडे वाटेवर म्हातारा उभा होता. त्याने टोपीला हात लावून नमस्कार केला आणि खाली वाकून एका खोडाच्या कापावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. जोडप्याला म्हणाला, "मेखा छान ठोकल्यात." एवढंच. परतताना मात्र तो तिच्या बरोबरीने चालू लागला आणि दुकानाच्या वळणावर थांबला.

"पोरी, उताराकडे कलवायचं हे तुला कुणी सांगितलं?"

तिला उत्तर सुचेना. "कुठेतरी वाचलं असेल," ती म्हणाली.

घरी येऊन तिने ऑगस्टची वही काढली. प्रत्येक ओळीसमोर कशावरून घेतलं ते लिहिलेलं होतं. ती सवय तिला लंडनच्या नोकरीने लावली होती. साखळीसमोर पुस्तकाचं नाव. 18 इंचांसमोर पत्रकाचं नाव. उताराच्या वाक्यासमोर काहीच नव्हतं. तिने दोनदा चाळलं. ते वाक्य तिने कुठेही वाचलं नव्हतं. परिच्छेदाला शेवट हवा होता म्हणून ते आलं होतं.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत अशी एक रिकामी जागा असते. आकडे आपण तपासतो, नावं तपासतो, साल तपासतो. उपमा कोण तपासतं? आणि वाचणाऱ्याच्या लक्षात तर तीच राहते. हॅम्पशरमधल्या सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटचं पुस्तक तिच्या फडताळात होतं, 1789 साली पहिल्यांदा छापलं गेलेलं. एकसारख्या दिसणाऱ्या तीन छोट्या पक्ष्यांना लोक एकच समजत होते, तेव्हा या पाद्र्याने त्यांचं गाणं ऐकून ते तीन वेगळे पक्षी आहेत हे ओळखलं. त्यासाठी तो गाव सोडून कुठे गेला नव्हता. झाडाखाली उभा राहून ऐकत होता. ते पुस्तक तिने तीनदा वाचलं होतं, आणि दोनशे पावलांवरच्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

रात्रभर तिला झोप लागली नाही. उजाडल्यावर ती म्हाताऱ्याच्या दारात गेली आणि काहीही आडपडदा न ठेवता म्हणाली, "मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी मनानेच लिहिलं."

म्हातारा किटली चुलीवर ठेवत होता. तो लगेच काही बोलला नाही. दोन कप काढले, दूध घातलं, मग म्हणाला, "मला माहीत होतं. डिसेंबरातच वाचलं मी, दुकानात. मनात म्हटलं, लंडनचे लोक वाचतील आणि विसरतील, कुणाला कोयता घ्यायचाय? आणि मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून गप्प बसलो. तेव्हा, पोरी, यातलं थोडं माझ्याही वाट्याला येतं."

मग त्याने टेबलावर आपला डावा हात तिरपा धरला. "ही जमीन. आणि हे खोड," उजव्या हाताचं बोट त्याने सरळ आभाळाकडे उभं केलं. ते बोट चढाच्या बाजूला कलवून डाव्या हातावर टेकवलं. थोडंसंच वाकावं लागलं. मग पुन्हा उभं करून उताराच्या बाजूला कलवलं. हातापर्यंत पोचायला ते कितीतरी जास्त फिरलं. "बघितलंस? खाली कलवायचं तर खोडाला दुप्पट वळावं लागतं. ती सालपट्टी तेवढं सोसत नाही, चिरते. आणि डोकं बुडाच्या खाली गेलं तर रस चढणार कसा? म्हणून नेहमी चढाच्या बाजूने. माझ्या बापाने मला हे शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याने सांगितलं नाही. एक खोड खाली कलवायला लावलं, आणि ते माझ्या हातात तुटलं."

जोडप्याकडे जाणं त्याहून अवघड होतं. तिने वाटेत चार वाक्यं जुळवली होती; दारात पोचल्यावर एकही राहिलं नाही. जे होतं ते सांगितलं. नवरा खुर्चीत बसला. बायको उभीच होती. फ्रिजवर लेखाची दुसरी प्रत लावलेली होती.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही कुंपण बसवताना कधी पाहिलंच नव्हतं?"

"खिडकीतून पाहिलं होतं. जवळ जाऊन नाही."

"आम्ही तीन दिवस पावसात उभे होतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं आणि ती काही बोललीही नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शनिवारी म्हाताऱ्यांना घेऊन येऊ का? काय वाचतंय ते बघू." नवऱ्याने मान हलवली. बायकोने फ्रिजवरचं पान काढून घडी केलं. फाडलं नाही, ओट्याच्या खणात ठेवलं.

त्याच दिवशी वरच्या फाटकापाशी थांबून, कानाला वारा झोंबत असताना, तिने संपादिकेला फोन केला. एप्रिलच्या अंकात चूक दुरुस्त करणारी चार ओळींची नोंद हवी, असं सांगितलं.

"अगं, एकाही वाचकाचं पत्र आलेलं नाही," संपादिका म्हणाली. "कशाला ओढवून घेतेस? मालिका सुरू करायच्या तोंडावर लेखिकाच चुकली असं छापलं, तर वर मी काय सांगू?"

"पत्र आलेलं नाही, पण कुंपण तुटलंय. आणखी किती तुटली ते आपल्याला कळणार नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. संपादिकेला मी दोष देत नाही. तिच्यावरही पानं भरायची जबाबदारी होती, तिच्याही वर कुणीतरी होतं, आणि शेवटी तिने नोंद छापली. पान 6 वर, वाचकांच्या पत्रांखाली, बारीक अक्षरांत: चढावरचं कुंपण नेहमी चढाच्या बाजूला कलवतात, जानेवारी अंकातला उलट उल्लेख चुकीचा होता, लेखिका दिलगीर आहे. मालिकेचं पुढे काही झालं नाही. फेब्रुवारीत निरोप आला की या वर्षी विषय बदलला आहे, पुढच्या वर्षी पाहू. बारा लेख, 3,240 पौंड. तिच्या घरात ही रक्कम म्हणजे जवळपास वर्षभराचं तेल आणि किराणा. 270 पौंडही उशिरा आले. कर तिने तेलासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून भरला, 30 जानेवारीच्या रात्री, आणि टाकी अर्धी रिकामीच राहिली.

त्या फेब्रुवारीत तिला थंडी फार वाजली असेल असं वाटतं. तशी ती वाजली नाही, कारण ती घरात फारशी नव्हतीच.

शनिवारी चौघं कुंपणापाशी जमले. म्हाताऱ्याने एकेक खोड तपासलं आणि तिने वहीत लिहिलं. एकूण 31. नऊ खोडांची पट्टी शाबूत होती, ती तशीच राहू द्यायची ठरलं. 22 चिरली होती, काहींची तर पूर्ण सुटून मेखांच्या आधाराने नुसतीच उभी होती. झाड मेलंय हे कुंपणाला अजून कळलं नव्हतं.

"ही बुंध्याशी कापायची," तो म्हणाला. "हॉथॉर्न चिवट असतो. मूळ जिवंत आहे तोवर तो हार मानत नाही."

बुंध्याचा काप त्याने तिरका घ्यायला लावला, पाणी साचून कुजू नये म्हणून, आणि शक्य तितका खाली, म्हणजे कोंबही खालूनच फुटतील. मग खालच्या अंगाला आजवर हात न लागलेल्या भागातलं एक जाड खोड त्याने दाखवलं आणि कोयता तिच्या हातात दिला. "हे तू."

बारा वर्षं तिने या कामाचा आवाज ऐकला होता, टकटक, लांबून. जवळून तो वेगळाच होता. पहिला घाव वरच्यावर बसला. दुसरा तिरका, खोलवर गेला. तिसऱ्यानंतर आत पांढरं, ओलं लाकूड दिसलं आणि कडवट वास आला. "आणखी," म्हातारा म्हणाला. "आणखी. आता थांब. आता कोयता नको, हाताने." खोड मनगटाएवढं जाड होतं आणि आता ते एका चपट्या, बोटभर रुंद पट्टीवर उभं होतं. तिने दोन्ही हातांनी ते धरलं आणि चढाच्या बाजूला हलकेच ढकललं. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं. तिला वाटलं, तुटलं. म्हाताऱ्याने तिच्या कोपराला हात लावला, थांब म्हणून. मग खोड आपल्याच वजनाने सावकाश खाली आलं आणि शेजारच्या मेखेवर टेकलं. पट्टी वळली होती, पिळवटली होती, पण अखंड होती. तिने वाकून तिच्यावर बोट ठेवलं. ओली होती.

"आता लिही," म्हातारा म्हणाला.

ते तिने त्या दिवशी लिहिलं नाही. हातात कळ येत होती, बोटांत पेन धरवत नव्हतं. पण फेब्रुवारी संपेपर्यंत प्रत्येक शनिवारी ती तिथे होती, कारण नंतर पक्षी घरटी बांधायला लागतात आणि म्हातारा कोयता तेल लावून ठेवून देतो. मेखा मोगरीने ठोकल्या, हेझलच्या फोका विणल्या, मधल्या रिकाम्या जागी हॉथॉर्नची उघड्या मुळांची रोपं लावली, आणि मेंढ्यांनी कोंब खाऊ नयेत म्हणून दोन्ही अंगांनी तात्पुरती तार ओढली. छाटलेल्या फांद्या म्हाताऱ्याने तिच्या दारात आणून टाकल्या. ओल्या होत्या, पुढच्या हिवाळ्याला जळतील म्हणाला. तरुण बायको पहिल्या शनिवारी तिच्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या शनिवारी तिने थर्मासमधला चहा तिघांना ओतला आणि चौथा कपही भरला.

संध्याकाळी मात्र ती टेबलावर बसून एक नवी वही भरत होती. तिच्यात लेख नव्हते. कोयता किती वेळाने परजावा लागतो. ओलं हेझल कितपत वाकतं. डोंगरावरून येणाऱ्या दूधवाल्याला बर्फाचा अंदाज कशावरून येतो. तारीख, जागा, आणि समोर त्या माणसाचं नाव. इतकी वर्षं ज्या गावात ती नुसती राहिली, त्या गावात तिने फेब्रुवारीत पहिल्यांदा दारं वाजवली. काही दारं उघडायला वेळ लागला. एका मेंढपाळाने तर तोंडावर सांगितलं की तुम्हा लिहिणाऱ्यांना फक्त धुकं आवडतं.

मार्चमध्ये लेखकांच्या परवाना संस्थेकडून जुन्या लेखांच्या झेरॉक्स प्रतींच्या मानधनाचे थोडे पैसे आले, दर वर्षी येतात तसे, आणि टाकी पाऊण भरली. बियाण्यांच्या सूचीपत्रकाचं काम चालू होतं. एप्रिलमध्ये एका वेगळ्या मासिकाचं पत्र आलं, संपादकाने ती चार ओळींची नोंद वाचली होती. काम काय ते मात्र पत्रात नव्हतं, नुसतं कधीतरी भेटू असं होतं. असल्या पत्रांवर घर चालत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ते वहीत जपून ठेवलं.

ऑगस्ट आला. गव्हाच्या शेतात यंत्रं फिरू लागली. त्या नव्या संपादकाचा फोन आला तेव्हा ती वरच्या फाटकापाशीच होती.

"वसंत अंकासाठी मेंढ्यांच्या वेतावर 1,000 शब्द हवेत. क्लन फॉरेस्ट जातीच्या मेंढ्या तुमच्याकडच्याच ना? पुढच्या शुक्रवारपर्यंत जमेल?"

तिच्या वहीत मेंढ्यांच्या वेताची साडेतीन पानं होती. मार्चअखेरीच्या दोन रात्री, त्याच मेंढपाळाच्या गोठ्यात, कंदिलाखाली. तिने मनातल्या मनात ती पानं चाळली. आडवं आलेलं कोकरू हाताने कसं फिरवतात ते तिने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. ते घडलं तेव्हा ती घरी झोपायला गेली होती.

"दोन रात्रींचा लेख जमेल," ती म्हणाली. "सगळ्या वेताचा नाही. तेवढा चालणार असेल तर देते. पूर्ण हवा असेल तर पुढच्या वर्षी."

"कळवतो," तो म्हणाला.

फोन खिशात टाकून ती कुंपणाकडे उतरली. तरुण बायको तारेपाशी उभी होती, हातात पाण्याचा कॅन. रोपं तग धरून होती. बुंध्यांवर कोंब गुडघ्याच्या वर आले होते, लालसर शेंड्यांचे, इतके दाट की मुळातला काप दिसत नव्हता. दोघी खालून वर मोजत निघाल्या, एकेका बुंध्यापाशी वाकून, पानं बाजूला सारून.

"22 पैकी 19," वरच्या टोकाला पोचल्यावर ती म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला. मग पेन तसंच धरून तिने खाली पाहिलं. "ते सातवं. त्याच्या मागे गवत फार होतं, मी नीट हात घातला नाही."

"मी आहे इथे," बायको म्हणाली.

ती परत खाली गेली, सातव्या बुंध्यापाशी गुडघे टेकले आणि गवत दोन्ही हातांनी फाकवलं. खालच्या अंगाला, मातीला लागून, नखाएवढा एक कोंब होता. तिने 19 वर रेघ मारली आणि शेजारी 20 लिहिलं.